रुग्णसंवादाची दृश्यभाषा

‘मणक्याची गादी सरकली आहे’, ‘हृदयाची झडप गळते आहे’, ‘पित्ताशयात खडे आहेत’, अशी वाक्ये डॉक्टरांच्या तोंडून रोज असंख्य रुग्ण ऐकतात. ऐकताना मान डोलावतात आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता बरोबरच्या नातलगाला विचारतात, ‘डॉक्टर नक्की काय म्हणाले?’ नातलगालाही ते नीट सांगता येत नाही. ‘गादी सरकली’ म्हटल्यावर कुणीतरी ती पुन्हा जागेवर बसवून देईल, अशी रुग्णाची समजूत होते आणि तो मालिशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे वळतो. वास्तविक दोन मणक्यांमधील चकती खाटेवरच्या गादीसारखी घसरत नाही. तिचा काही भाग फुगून किंवा फाटून बाहेर येतो आणि शेजारच्या मज्जारज्जूच्या शाखेवर दाब आणतो. डॉक्टरांनी वापरलेला शब्द सोपा असतो, परंतु त्यामागचे चित्र डॉक्टरांच्या मनात एक आणि रुग्णाच्या मनात दुसरेच असते.

नेदरलँड्समधील मेंदू-मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी या विषयावरील संशोधनाचा आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध केला. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण तत्काळ विसरतात आणि जो लक्षात राहतो त्यातला जवळजवळ निम्मा चुकीचा असतो, असे त्यात नमूद केले आहे. वय, चिंता, डॉक्टरांची परिभाषा आणि केवळ तोंडी सांगण्याची पद्धत ही त्याची प्रमुख कारणे होत. यात वेळेच्या टंचाईची भर पडते. ६७ देशांतील प्राथमिक आरोग्यसेवेचा अभ्यास २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार एका रुग्णाला मिळणारा वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद, तर भारतात सुमारे दोन मिनिटे आहे. दोन मिनिटांत तपासणी, निदान, औषधयोजना आणि समजावणी या चारही गोष्टी उरकायच्या असतील तर पहिली कात्री समजावणीलाच लागते. या कोंडीतून वाट काढण्याचे एक साधन म्हणून चित्र, प्रतिमा, चलचित्र आणि संगणकाचा पडदा यांच्याकडे जगभर पाहिले जात आहे.

वैद्यकातील चित्रपरंपरा

वैद्यकशास्त्राला चित्राची गरज नवी नाही. आंद्रेआस व्हेसेलियस यांचा शरीररचनेवरील सचित्र ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शवविच्छेदनात प्रत्यक्ष दिसणारे शरीर प्रथमच इतक्या तपशिलाने कागदावर उतरले. १८५८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथाचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. हेन्री ग्रे यांच्या मजकुरासाठी चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईत आले. येथील ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्राचे अध्यापन केले आणि पुढे ते त्या महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. कार्टर यांच्या चित्रांचे एक वैशिष्ट्य आजही उपयोगी पडण्याजोगे आहे. स्नायू, शिरा व हाडे यांची नावे समासात किंवा तळटीपेत न देता त्यांनी ती शक्य तेथे त्या त्या अवयवावरच लिहिली. चित्र आणि शब्द एकाच ठिकाणी आल्याने डोळ्यांची धावपळ टळली. ही सोय अर्थातच वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी होती.

जिवंत माणसाच्या शरीराचे अंतरंग पाहण्याची सोय विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधाने झाली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताची प्रतिमा घेतली. बोटातल्या अंगठीसह हाडे दाखवणारी ही प्रतिमा जगभर गाजली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन घेतले. पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफिल्ड यांच्या कामातून एमआरआयचे तंत्र आकाराला आले आणि त्याबद्दल दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सर्व प्रतिमा दीर्घकाळ डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी काढलेल्या होत्या. काळ्या फिल्मवरची छाया प्रकाशपेटीवर लावून तज्ज्ञ ती वाचत आणि रुग्णाच्या हाती मोठा लिफाफा व इंग्रजी अहवाल येई. संगणकीय प्रतिमांसाठी अमेरिकेत १९८५ मध्ये सामायिक मानक तयार झाले आणि १९९३ मध्ये ते ‘डायकॉम’ या नावाने सुधारित रूपात आले. त्यामुळे कोणत्याही कंपनीच्या यंत्रावरची प्रतिमा दुसऱ्या संगणकावर उघडता येऊ लागली. प्रतिमा डॉक्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर आली. तो पडदा रुग्णाकडे वळवणे आता शक्य झाले.

पाहिल्याने काय बदलते?

आरोग्यविषयक माहितीत चित्रांचा काय उपयोग होतो, याबद्दलच्या संशोधनाचा मोठा आढावा पीटर हाउट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घेतला. मजकुराशी घट्ट जोडलेली साधी चित्रे असतील तर लक्ष वेधणे, आकलन, स्मरण आणि सूचनांचे पालन या चारही बाबतींत फायदा होतो व कमी शिकलेल्यांना तो विशेष होतो, असे त्यातून दिसले. चित्रे साधी असावीत, शब्दही सोपे असावेत आणि चित्रातून काय घ्यायचे हे शब्दांनी सांगितलेले असावे, अशा शिफारशी या आढाव्यात आहेत.

एखाद्या पाठ्यपुस्तकातले चित्र दाखवणे वेगळे आणि रुग्णाला त्याच्याच शरीराची प्रतिमा दाखवणे वेगळे. स्वीडनच्या व्हेस्टरबोटेन प्रांतातील प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हृद्रोगाचा धोका असलेल्या तीन हजार पाचशेहून अधिक प्रौढांच्या मानेतील रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करण्यात आली. त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटातील व्यक्तींना व त्यांच्या डॉक्टरांना तपासणीचा निष्कर्ष चित्ररूपात पाठवला गेला. रक्तवाहिनीचे ‘वय’ हिरव्यापासून लाल रंगापर्यंतच्या पट्टीवर दाखवले होते. त्यानंतर परिचारिकेने दूरध्वनी करून चित्राचा अर्थ समजावला. दुसऱ्या गटाला चित्र मिळाले नाही. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर चित्र पाहिलेल्या गटातील हृद्रोगाच्या धोक्याचा निर्देशांक कमी झाला होता, तर दुसऱ्या गटात तो वाढला होता. ‘तुमचे कोलेस्टेरॉल जास्त आहे’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या माणसाला स्वतःची रक्तवाहिनी पाहिल्यावर औषधाची निकड पटली, असा याचा अर्थ लावता येतो.

मात्र या प्रयोगात चित्रासोबत परिचारिकेचे बोलणेही होते, हे विसरता येत नाही. रुग्णाला स्वतःच्या शरीराच्या प्रतिमा दाखवल्याने त्याचे वर्तन बदलते काय, याचा कॉक्रेन संस्थेने २०१० मध्ये घेतलेला आढावा सावध होता. त्या वेळी उपलब्ध असलेले पुरावे मर्यादित व संमिश्र होते. एकट्या चित्राच्या जोरावर धूम्रपान सुटेल किंवा व्यायाम सुरू होईल, अशी हमी त्यावरून देता येत नव्हती.

आकड्यांचे चित्र

शरीराच्या चित्राइतकेच महत्त्व धोक्याच्या चित्राला आहे. शस्त्रक्रियेत किती धोका आहे, औषधाने किती फरक पडेल, हे प्रश्न रुग्ण विचारतो आणि उत्तर टक्केवारीत मिळते. टक्केवारी किती फसवी ठरू शकते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९५ मध्ये घडले. तिसऱ्या पिढीतील गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तेथील औषध सुरक्षा समितीने दिला. ‘शंभर टक्के वाढ’ हे शब्द ऐकून अनेक स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये गर्भपातांचे प्रमाण वाढले. प्रत्यक्षात दर सात हजार स्त्रियांमागे एकीला असलेला धोका दोघींना झाला होता. गर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी हे उदाहरण देऊन ‘दुप्पट’ किंवा ‘निम्मे’ अशा सापेक्ष भाषेऐवजी ‘इतक्यांपैकी इतके’ अशी भाषा वापरण्याचा आग्रह धरला.

या भाषेला चित्राची जोड दिली की ती अधिक सुबोध होते. कागदावर शंभर माणसांच्या आकृत्या छापायच्या आणि शस्त्रक्रियेनंतर ज्यांना गुंतागुंत उद्भवते तेवढ्या रंगवायच्या, ही त्यातली सर्वांत प्रचलित रीत. शंभरात तीन आकृत्या लाल दिसल्या तर रुग्णाला तीन दिसतात आणि उरलेल्या सत्त्याण्णवही दिसतात. तोंडी सांगताना या दोहोंपैकी एकच बाजू ठसते. अशी चित्रे, तक्ते व चलचित्रे यांचा समावेश असलेली निर्णयसाहाय्य साधने आता अनेक देशांत वापरात आहेत. त्यांच्यावरील १०५ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत ३१ हजारांहून अधिक लोक सहभागी होते. या साधनांमुळे रुग्णांचे ज्ञान वाढते, धोक्याचा अंदाज अधिक अचूक होतो आणि निर्णयात त्यांचा सहभाग वाढतो, असे त्यात आढळले. त्यासाठी डॉक्टरांना द्यावा लागणारा जादा वेळ काही मिनिटांचाच होता.

रुग्णाकडून डॉक्टरांकडे

संवाद दुहेरी असतो. रुग्णालाही काही दाखवायचे असते आणि शब्द अपुरे पडतात. लहान मुलाला ‘किती दुखते?’ असे विचारले तर ते रडते किंवा गप्प बसते. अमेरिकेतील टल्सा येथे डॉना वाँग व कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकात सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. हसऱ्या चेहऱ्यापासून रडवेल्या चेहऱ्यापर्यंतच्या या पट्टीवर मूल बोट ठेवते आणि वेदनेची तीव्रता कळते. वेदनाशामक किती द्यायचे, आधीच्या मात्रेचा गुण आला की नाही, हे ठरवायला परिचारिकांना तिचा उपयोग होतो. वाचा गेलेल्या किंवा कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांसाठी ‘पाणी हवे’, ‘कूस बदला’, ‘दुखते आहे’ अशा चित्रांचे फलकही याच तत्त्वावर चालतात.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने यात मोठी भर घातली. फिट येते तेव्हा डॉक्टर जवळ नसतात आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती थांबलेली असते. घाबरलेल्या नातलगांच्या वर्णनापेक्षा त्यांनी टिपलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण मेंदूविकारतज्ज्ञाला अधिक सांगून जाते. येऊन जाणारे पुरळ, झोपेतला अडखळणारा श्वास, शस्त्रक्रियेच्या जखमेचा बदलता रंग यांचेही तसेच. कोविडच्या साथीच्या प्रारंभी, २५ मार्च २०२० रोजी, भारतात दूरवैद्यक सेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यात दृक्‌संवाद, ध्वनिसंवाद व लिखित संदेश यांना रीतसर स्थान मिळाले. काही औषधे पहिल्या भेटीत लिहून देण्यासाठी दृक्‌संवादाची अट घालण्यात आली, कारण रुग्ण डोळ्यांना दिसणे हा तपासणीचाच एक भाग आहे.

संमतीचा प्रश्न

चित्राने समजावणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. तिला कायद्याचेही अधिष्ठान आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या निकालात याचे विवेचन आहे. निदानासाठी दुर्बिणीद्वारे तपासणी करण्यास संमती दिलेल्या एका महिलेची, ती भुलेखाली असताना, गर्भाशय व अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया करण्यात आली होती. आईची संमती घेतली होती, पण रुग्ण स्वतः प्रौढ व सज्ञान होती. प्राणावर बेतलेले नसताना तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, लक्षणीय धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे, असेही बजावले.

या निकालाच्या कसोटीवर आपल्याकडील संमतिपत्रांची अवस्था पाहण्यासारखी आहे. बारीक छपाईचा कागद, त्यावर परिभाषेचा भडिमार आणि शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी घाईने घेतलेली सही, हा अनेकांच्या अनुभवाचा भाग आहे. कोणता अवयव काढणार, चीर कोठे देणार, नळी कोठून बाहेर येणार, हे दोन रेषांच्या चित्राने दाखवले तर त्या सहीला अर्थ येतो. औषधचाचण्यांच्या क्षेत्रात याहून पुढचे पाऊल पडले आहे. २०१९ च्या नियमांनुसार नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत दुर्बल स्थितीतील व्यक्ती सहभागी होत असतील तर त्यांना माहिती देण्याच्या व संमती घेण्याच्या प्रक्रियेचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे.

चित्रांचे धोके

दिसणारी प्रत्येक गोष्ट आजाराचे कारण असतेच असे नाही. कंबरदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या ३११० व्यक्तींच्या मणक्याच्या प्रतिमांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांच्या चकत्यांची झीज झालेली होती. फुगलेल्या चकतीचे प्रमाण विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के होते. कंबर दुखणाऱ्या रुग्णाला अशी प्रतिमा दाखवून ‘हे पाहा’ एवढेच म्हटले तर त्याच्या मनात भीती घर करते. तो वाकणे टाळतो, अंथरूण धरतो आणि अनावश्यक शस्त्रक्रियेलाही तयार होतो. तुमच्या वयाच्या निरोगी माणसांतही असे आढळते, हे वाक्य त्या प्रतिमेबरोबर सांगणे आवश्यक ठरते.

चित्राची भाषा सर्वांना आपोआप कळते, हाही गैरसमज आहे. दक्षिण आफ्रिकेत रॉस डाउझ व मार्टिना एहलर्स यांनी औषधांच्या सूचनांसाठी अमेरिकेत तयार झालेली चिन्हे कमी शिकलेल्या लोकांना दाखवली, तेव्हा त्यांतील अनेकांचा अर्थ लागला नाही. स्थानिक लोकांना विचारून काढलेली चित्रे अधिक चांगली समजली. आपल्याकडे गोळ्यांच्या पाकिटावर सकाळसाठी उगवता सूर्य आणि रात्रीसाठी चंद्रकोर काढण्याची पद्धत आहे. ती सोयीची असली तरी उगवता आणि मावळता सूर्य कागदावर सारखाच दिसतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

काही ठिकाणी पडदा रुग्णाकडे वळवण्याला कायद्याची मर्यादा आहे. गर्भाची सोनोग्राफी हे त्याचे ठळक उदाहरण. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. शब्दांनी, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे गर्भाचे लिंग सांगण्यास त्यात मनाई आहे. त्यामुळे बाळाच्या हृदयाची धडधड पाहण्याचा आनंद आईला देतानाही डॉक्टरांना सावध राहावे लागते.

गोपनीयतेचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीविना नियतकालिकांत प्रसिद्ध करण्यास भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत मनाई आहे. मोबाइलवरून एका गटातून दुसऱ्या गटात फिरणाऱ्या प्रतिमांवर रुग्णाचे नाव, वय आणि क्रमांक छापलेला असतो, याचा अनेकदा विसर पडतो. संगणकाने स्वतःच रचलेल्या चित्रांबाबतही सावधगिरी हवी. कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली, शरीररचनेच्या दृष्टीने हास्यास्पद अशी उंदराची आकृती एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो निबंध मागे घ्यावा लागला. तज्ज्ञांच्या नजरेतून जे सुटू शकते ते रुग्णाला ओळखता येणे अशक्यच.

शिवाय पडदा संवादाच्या आडही येतो. डॉक्टरांचे डोळे संगणकावर खिळले की समोरचा माणूस दिसेनासा होतो. संगणकातील नोंदींच्या या रुग्णाला डॉ. अब्राहम व्हर्गीस यांनी २००८ मध्ये ‘आय-पेशंट’ असे नाव दिले. संगणकातल्या या रुग्णाची उत्तम काळजी घेतली जाते आणि खाटेवरचा खरा रुग्ण वाट पाहत राहतो, अशी त्यांची खंत होती.

व्यवहारात काय करता येईल?

यासाठी महागड्या उपकरणांची गरज असतेच असे नाही. केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनने काढलेले हृदयाचे चित्र, त्यावर मराठीत लिहिलेली चार नावे आणि बंद पडलेल्या रक्तवाहिनीवर मारलेली फुली एवढ्यानेही पुष्कळ काम होते. तो कागद रुग्ण घरी नेतो व कुटुंबाला दाखवतो. संगणकाचा पडदा असेल तर तो डॉक्टर व रुग्ण दोघांना दिसेल असा तिरका ठेवता येतो. प्रतीक्षागृहातल्या दूरचित्रवाणी संचावर मालिका लावण्याऐवजी मधुमेह्यांनी पायांची निगा कशी राखावी किंवा दम्याचा पंप कसा ओढावा, याचे मराठी चलचित्र दाखवता येते. आतल्या दोन मिनिटांत मग रुग्णाच्या शंकांना जागा मिळते.

प्रतिमा दाखवताना क्रमही महत्त्वाचा. आधी निरोगी अवयव कसा दिसतो ते दाखवावे, मग रुग्णाची प्रतिमा दाखवावी, नेमक्या जागेवर बोट ठेवावे आणि त्याचा त्याच्या त्रासाशी काय संबंध आहे किंवा नाही, ते सांगावे. कर्करोगासारख्या आजारात प्रतिमा पाहायची आहे का, हे आधी विचारावे, कारण ती पाहण्याची तयारी प्रत्येकाची नसते. रुग्णानेही संकोच सोडून ‘मला चित्र काढून दाखवाल का?’ असे विचारायला हरकत नाही.

सरतेशेवटी डॉक्टरांनी रुग्णालाच विचारायचे असते, ‘घरी गेल्यावर तुम्ही हे कसे सांगाल?’ चित्रावर बोट ठेवून रुग्ण आपल्या शब्दांत आजार सांगू लागला की काय समजले आणि काय निसटले, हे तिथल्या तिथे कळते. निसटलेला भाग पुन्हा सांगायला अर्धे मिनिट पुरते. मणक्याची चकती घसरलेली नसून फुगलेली आहे आणि ती चोळून आत जाणार नाही, एवढे त्या अर्ध्या मिनिटात रुग्णाला पटले, तर पायऱ्या उतरताना नातलगाला विचारण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.